चार मोजेपर्यंत

माझा हात लवकर उठतो. हे मी कौतुकानं सांगत नाही आणि लपवतही नाही. अमरावतीच्या कोर्टात कोणालाही विचारा, शिपाईसुद्धा सांगेल. वकिलांच्या खोलीत मी एकदा एका सहकाऱ्याच्या कानाखाली लगावली होती, कारण तो माझ्या अशिलासमोर माझ्या वडिलांबद्दल वाकडं बोलला. दूधवाला, ऑटोवाला, सख्खा साडू, सगळ्यांशी माझं एकदा तरी वाजलेलं आहे. बायको म्हणते, तुमचं डोकं म्हणजे चुलीवरचं दूध, पाठ फिरवली की उतू. वकिलीतही माझ्याकडे येतात त्या मारामारीच्याच केसेस. शेताच्या धुऱ्यावरून कुऱ्हाड, वरातीतून चाकू, पाण्याच्या पाळीवरून फावडं. कोणाचं कुठलं हाड मोडलं तर कुठलं कलम लागतं, हे मला पाठ आहे.

त्यातलं एक कलम तीस वर्षांपूर्वी माझ्यावर लागायला पाहिजे होतं. लागलं नाही. ज्याचा हात मी मोडला त्यानं ते पोलिसांना सांगितलं नाही, डॉक्टरांना सांगितलं नाही, जन्मदात्या आईला सांगितलं नाही. पुढं तो मोठा रॉक गायक झाला. मुलाखती द्यायला लागला. हाताचं काय झालं म्हणून कोणी विचारलं की तो दर वेळी एकच सांगायचा, कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्राच्या पट्ट्यात गेला. लोक हळहळायचे. मी इकडे पेपरची घडी करून ठेवायचो आणि त्या दिवशी कोणाशी तरी भांडण उकरून काढायचो.

आम्ही चौघं होतो. तो गिटार वाजवायचा आणि गायचा. तिवशाजवळच्या शेतकरी घरातला, तीन भावांतलं शेंडेफळ. मी वकिलाच्या घरातला, ड्रम वाजवायचो. वडिलांनी ड्रम घरात येऊ दिले नाहीत. उरलेल्या दोघांपैकी एकाच्या मामाचं बडनेरा रोडला जिनिंग होतं, त्याच्या गोदामात आम्ही सराव करायचो. छतापर्यंत सरकीची पोती रचलेली. सरकी आवाज खाते. ड्रमवाल्यानं काड्या एकमेकींवर आपटून चार ठोके द्यायचे आणि मग सगळ्यांनी एकदम सुरुवात करायची, अशी रीत असते. त्या गोदामात काड्यांचा आवाज पुढच्या माणसापर्यंत पोचायचाच नाही. म्हणून मी तोंडानं मोजायचो, घसा फोडून. एक, दोन, तीन, चार. मग ती सवयच पडली. चौघं जेवायला बसलो तरी तो म्हणायचा, "मोज ना बे, त्याशिवाय घास कसा उचलू?"

तो वऱ्हाडीत गाणी करायचा. त्या काळी गिटार घेऊन 'मले', 'तुले' म्हणणारा माणूस म्हणजे लोकांना नकलाकार वाटायचा. कॉलेजच्या गॅदरिंगला आमच्यावर टमाटे आले, एकदा तर लोखंडी खुर्ची आली. मी ती परत फेकली आणि पहिल्या रांगेतल्या एकाचं डोकं फुटलं. तो गात राहिला. नंतर म्हणाला, "तू ड्रमपेक्षा खुर्ची चांगली वाजवतो." आम्ही चौघं पोट धरून हसलो होतो.

वायरी, माईक, काड्या ठेवायला आम्ही एक लोखंडी पेटी करून घेतली होती. काळ्या रंगाची, झाकणाच्या कडेला अँगल मारलेला. वेल्डरनं ती इतकी मजबूत केली होती की दोन माणसं लागायची उचलायला. त्या दिवशी, दुपारी, सराव संपल्यावर तो पेटीपाशी वाकून वायर गुंडाळत होता. बाकीचे दोघं बाहेर चहाला गेले होते. वाकल्या वाकल्याच, माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "मुंबईच्या कंपनीचा निरोप आला. मले एकट्याले बलावलं हाय."

"अन् आमी?"

"तुमी थांबा थोडे दिवस. मंग पाहू."

ते 'मग पाहू' माझ्या डोक्यात गेलं. मी झाकणावर लाथ मारली. झाकण त्याच्या डाव्या हातावर पडलं. तिथंच थांबलो असतो तर रागाच्या भरात झालं म्हणता आलं असतं. कोर्टात मी हे वाक्य शेकडो वेळा दुसऱ्यांसाठी म्हटलेलं आहे. पण मी थांबलो नाही. मी त्या झाकणावर चढून उभा राहिलो आणि मोजलं. एक, दोन, तीन, चार. मोठ्यानं. का मोजलं हे मला आजही सांगता येत नाही. तीनपर्यंत तो ओरडलासुद्धा नाही, नुसता माझ्या तोंडाकडे बघत होता. चारला मी उतरलो.

मधलं बोट वरच्या पेरात तुटून लोंबत होतं. शेजारचं चेपून गेलं होतं. मी ते पाहिलं आणि पळालो. बडनेरा स्टेशनवर जाऊन बाकावर बसून राहिलो, गाड्या येत होत्या, जात होत्या. त्याला दवाखान्यात बाकीच्या दोघांनी नेलं. तीन दिवस मी घरात पोलिसांची वाट पाहिली. चौथ्या दिवशी त्या दोघांपैकी एक येऊन सांगून गेला, "तो जिनिंगचा पट्टा म्हणून सांगून राहिला. तू बी तेच सांग." नंतर तोही आला नाही. गोदामातले ड्रम मी परत आणले नाहीत.

मी तीनदा तिवशाला निघालो. तिन्ही वेळा एसटीत बसलो, तिवसा आलं की पाय उचलेना, कंडक्टरकडून पुढचं तिकीट काढून नागपूरला जायचो आणि तसाच परत यायचो. नंतर वडिलांचा काळा कोट अंगात चढला, लग्न झालं, मुलगी झाली.

त्याचं मुंबईचं त्या वेळी अर्थातच फिसकटलं. दोन वर्षं तो शेतात होता असं ऐकलं. मग सायकलच्या पंपाची नळी कापून त्यानं करंगळीत घातली आणि ती तारांवर घासून वाजवायला लागला. बोटांनी तारा दाबता येत नाहीत म्हणून. कापूस पिंजणाऱ्याची तार झंकारते तसा आवाज निघायचा, पण रडका. त्या आवाजावर त्याचं सगळं नाव झालं. एकटा माणूस, एक गिटार, एक नळी. पंधरा वर्षं कोणी विचारलं नाही, मग मोबाइल आले आणि कॉलेजातली पोरं त्याच्या मागं वेडी झाली. त्यात माझी मुलगी.

तिच्या खोलीतून तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा ती अकरावीत होती. मी आत गेलो, स्पीकर उचलला आणि भिंतीवर आपटला. तिला वाटलं, बाबांना मोठा आवाज सहन होत नाही. नवीन स्पीकर मीच आणून दिला. कारण सांगितलं नाही. मी कधी ड्रम वाजवायचो हेही तिला माहीत नव्हतं. बायकोला माहीत होतं, पण तिला मी तो विषय बंद करायला लावला होता. लेक कानाला हेडफोन लावून ऐकायची, आणि जेवताना मला त्या जिनिंगची गोष्ट सांगायची. "बाबा, विचार करा, दोन बोटं गेली आणि तरी माणूस थांबला नाही." मी वरणात भात कालवत राहायचो.

गेल्या वर्षी त्यानं जाहीर केलं की हा शेवटचा दौरा. आता उजवा हातही थरथरतो म्हणे. हिवाळ्यात अकोल्याला दोन दिवसांचा संगीत महोत्सव होता, त्यात दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा कार्यक्रम. मुलीची मैत्रीण ऐन वेळी आजारी पडली. ती सहज म्हणून गेली, "बाबा, तुम्ही येता का?" मी म्हणालो, "येतो." ती बघतच राहिली.

मला त्याच्या तोंडून एक शब्द पाहिजे होता. माफीचा नाही, तेवढा निर्लज्ज मी नाही. शिवी चालली असती. तोंडावर थुंकला असता तर अजून बरं. पण हे तू केलंस, एवढं त्यानं माझ्या तोंडावर म्हणायला पाहिजे होतं. तीस वर्षं मी एका जिनिंगच्या पट्ट्यामागं लपून बसलो होतो, आणि पट्टा त्यानं धरून ठेवला होता. दौरा संपला की तो गावी जाऊन बसणार, आणि तिवशाला उतरायचं धाडस माझ्यात नाही हे मला माहीत होतं.

मूर्तिजापूरला चहाला थांबलो. मुलीनं पर्समधून दवाखान्यात मिळते ती पांढरी चिकटपट्टी काढली आणि स्वतःच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं एकत्र गुंडाळली. मग म्हणाली, "बाबा, हात द्या."

"कशाला?"

"सगळे असेच येतात. त्यांच्या बोटांसाठी. पट्टी नसली की लोक समजतात, हा नवखा आहे."

मी हात दिला. तिनं माझी बोटं गुंडाळली, दातानं पट्टी तोडली, वरून अंगठ्यानं दाबली. लहानपणी मी तिच्या गुडघ्याला लावायचो तशीच. माझा चहा तसाच राहिला.

मैदान शहराबाहेर होतं, कापूस निघून गेलेलं शेत सपाट करून केलेलं. चालताना पऱ्हाटीची खुंटं टोचत होती. हजारो पोरं-पोरी, आणि सगळ्यांच्या डाव्या हाताला पांढरी पट्टी. मी पट्टीचा हात खिशात घातला. बंदोबस्ताला आयोजकांनी बार्शीटाकळीकडच्या कुठल्याशा तालमीतले पैलवान आणले होते. कावडयात्रेत आणि दहीहंडीत गर्दी सांभाळणारी माणसं. अंगात एकसारखी जाकिटं, हातात वेताच्या काठ्या. त्यांचा वस्ताद माझ्याच शेजारी उभा राहून आपल्या माणसांना सांगत होता, "बोटं बांधून आले सारे. पाहून ठेवा. खाली बसायले नाही आले हे."

तालमीत बोटं कोण बांधतं? ज्याला कुस्ती सोडायची नसते तो. मोडलेलं बोट शेजारच्याला बांधतो आणि मातीत उतरतो. वस्तादानं सगळं मैदान त्या नजरेनं पाहिलं. मी त्याला सांगू शकलो असतो की बाबा, ही रीत आहे, भक्ती आहे पोरांची. नाही सांगितलं. माझं लक्ष स्टेजवर होतं.

तो आला. वाळून काटकुळा झालेला, दाढी पांढरी. मागून दोघांनी एक पेटी आणून मध्यावर ठेवली आणि तो तिच्यावर बसला. काळी, कडेला अँगल मारलेली पेटी. एक कोपरा चेपलेला. पेटी जीपमधून पडून तो चेपला होता, तेव्हा मी तिथं होतो. मुलगी कानात ओरडली, "बाबा, ती त्यांची पेटी. पहिल्यापासून तिच्यावरच बसून वाजवतात." मला म्हणायचं होतं, घरी चल.

त्याची गाणी गोड नव्हती. एकात शेजाऱ्याचा बैल मारणारा माणूस होता, एकात सुनेला विहिरीपर्यंत ओढत नेणारी सासू. आवाज फाटला होता, पण फाटक्या आवाजानंच ती गाणी खरी वाटत होती. पोरं शब्दन् शब्द म्हणत होती. तासाभरानं त्यानं करंगळीतल्या नळीनं पेटीच्या अंगावर टक केलं, आणि सगळं मैदान एकदम गप्प झालं. मुलीनं माझं मनगट धरलं. "आता बघा," ती म्हणाली. "आता मजा आहे."

त्यानं माईक लोकांकडे केला. नळीनं पेटीवर एक ठोका दिला. मैदान ओरडलं, "एक."

मला वाटलं, असेल, सगळेच मोजतात.

दुसरा ठोका. "दोन." त्याचा डावा हात पेटीच्या झाकणाच्या कडेवर होता. बरोबर त्या जागी. त्यानं डोळे मिटले होते. आणि मला कळलं की ते गाणं कशाचं आहे. माझं मोजणं त्यानं ऐकलं होतं, ठेवलं होतं, आणि गावोगाव जाऊन लोकांच्या तोंडी दिलं होतं. माझी मुलगी माझ्या शेजारी घसा फोडून ओरडत होती, "तीन." तिचा चेहरा आनंदानं लाल झाला होता.

"चार."

आणि हजारो माणसं एकमेकांवर तुटून पडली. खांद्याला खांदा, छातीला छाती, कोपरं, डोकी, धूळ. त्यांच्यात ते असंच असतं. चारला मध्ये गोल मोकळा करायचा आणि चारही बाजूंनी येऊन आदळायचं. कोणी पडलं की लगेच चार हात त्याला उचलतात. एका पोरानं माझ्या बरगडीत कोपर घातलं, मी पडलो तसं मला उठवलं, "सॉरी काका" म्हणाला आणि पुन्हा आदळायला गेला. दोन-तीन मिनिटं ते असंच चाललं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. मार पडत होता आणि तो माझाच होता.

वस्तादाला ती दंगल दिसली. बोटं बांधून आलेली माणसं चार म्हणताच भिडली, अजून काय पाहिजे? त्यानं शिट्टी मारली आणि पैलवान काठ्या घेऊन आत घुसले. त्यांनी आधी ओढून बाजूला करायचा प्रयत्न केला. पोरांना वाटलं, हेही खेळताहेत, त्यांनी पैलवानांना धडक दिली. मग काठ्या चालल्या. डोक्यावर, पाठीवर, हातावर. पट्टी बांधलेला हात वर गेला की काठी आधी त्याच्यावर पडायची. एका मुलीचं नाक फुटलं, एक पोरगा हनुवटी धरून खुंटांत बसला. मागून चपला आणि दगड स्टेजकडे आले. गाणं थांबलं. माझ्या समोर एका पैलवानाची काठी माझ्या मुलीच्या भुवईवर बसली आणि तिचा डोळा रक्तानं भरला.

मग माझं मला भान नव्हतं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मला पूर्ण भान होतं. मी त्याच्या हातातली काठी हिसकली, त्याच्या गुडघ्यावर मारली, तो पडला. चांगला धिप्पाड गडी, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरी लहान, पण खुंटात पाय अडकून आडवा झाला. त्यानं तोंडावर हात घेतला. मी त्या हातावर मारत होतो आणि मारताना मोजत होतो. एक. दोन. तीनला मनगट मोडल्याचा आवाज आला. मुलीनं मागून माझ्या शर्टाची कॉलर धरली. "बाबा, तो पडलाय. बाबा, सोडा, पडलाय तो." मी तिचं ऐकलं. म्हणजे ऐकू आलं. चौथी मी मारलीच.

त्या पैलवानानं तक्रार दिली आणि बरोबर केलं. केस अकोल्याच्या कोर्टात आहे. कलम तेच.

दोघा पैलवानांनी माझे हात पिरगाळून मला स्टेजच्या मागं नेलं. तिथं कनातीच्या सावलीत एक हवालदार खुर्चीवर बसला होता. मुलगी भुवईवर रुमाल दाबून मागोमाग आली. दगड यायला लागल्यावर त्यालाही मागं आणलं होतं, पेटीसकट. तो पेटीवर बसून बाटलीतून पाणी पीत होता. त्यानं मान वर केली. पाणी पिणं थांबलं.

"सोडा त्याले," तो पैलवानांना म्हणाला. "माह्या ओळखीचा हाय."

त्यांनी सोडलं.

"हात अजून चालते वाटते तुहा," तो म्हणाला.

"चालते."

मुलगी आमच्या दोघांकडे आलटून पालटून बघत होती. "सर, तुम्ही बाबांना ओळखता?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. आधी भुवईकडे, मग पट्टी बांधलेल्या बोटांकडे. मग माझ्या बोटांकडे. मला विचारलं, "पोरगी हाय का तुही?" मी मान हलवली. त्याच्या तोंडावर एक जुनं हसू आलं, गोदामातलं. तिला म्हणाला, "तुह्या बाबानं ड्रम वाजवला हाय माह्यासंगं. सांगतलं नाई का तुले? अन् हे जिनिंगमंधी झालं ना," त्यानं डावा हात वर केला, "तवा यानंच उचलून नेलं मले दवाखान्यात. पुरा रक्तानं भरला होता बिचारा."

मुलगी माझ्याकडे वळली. पाच मिनिटांपूर्वी तिनं मला पडलेल्या माणसाला मारताना पाहिलं होतं, आणि तिला काहीतरी धरायला पाहिजे होतं. आता ते मिळालं होतं. चोवीस वर्षांत तिनं माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. मी नुसता गप्प बसलो असतो तर ती नजर जन्मभर माझी होती. त्यानं ती मला फुकट देऊन टाकली होती. आणि मला त्याचा राग आला. इतका राग मला झाकणावर लाथ मारतानाही आला नव्हता.

"जिनिंग नव्हतं," मी म्हणालो.

"चूप बस बे."

"पट्टा नव्हता, मी होतो." मी मुलीकडे पाहून बोलत होतो. "हा या पेटीत वायर ठेवत होता. मी झाकणावर लाथ मारली आणि वर चढून उभा राहिलो. दवाखान्यातही मी नेलं नाही. मी पळून गेलो."

हवालदारानं मोबाइल खाली ठेवला. पेटीवर बसलेला तो उठून उभा राहिला.

"कावून बोलला?" तो म्हणाला. "तीस वर्सं सांभाळलं मी हे. माय मेली, तिले नाई सांगतलं. माह्या भावाईनं कुऱ्हाडीनं कापला असता तुले, म्हून नाई सांगतलं. पोरीपुढं तरी गप राहता येत नाई का तुले?"

"शिवी दे," मी म्हणालो. "मार. पेटी उघड अन् माहा हात घाल तिच्यात. मी काढणार नाही."

तो माझ्या हाताकडे बघत राहिला. काठीनं माझ्याही हाताची सालटं निघाली होती.

"तुह्या हाताचं मी काय करू?" तो म्हणाला. "मले गाणं म्हनाचं हाय."

बाहेर पोलीस आले होते, पैलवानांना मागं घेतलं होतं, आणि लोक टाळ्या वाजवून त्याला बोलवत होते. दोघांनी पेटी उचलली. तो पायरीपाशी थांबला, वळला नाही.

"आयकलं ना आज, लोक मोजतात ते?"

"ऐकलं."

"मी रोज आयकतो," तो म्हणाला आणि वर गेला.

थोड्या वेळानं टक असा ठोका आला. कनातीपलीकडे मैदानानं एक म्हटलं, दोन म्हटलं, तीन, चार म्हटलं. मघापेक्षा जास्त मोठ्यानं. मुलगी माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. तिनं तोंड उघडलं नाही. हवालदार माझं नाव-गाव लिहून घेत होता, मी ते सांगितलं.

तिच्या भुवईला दोन टाके पडले. माझा हात सुजला होता, म्हणून परतताना गाडी तिनं चालवली. दिवस मावळायला आला होता, रस्त्यानं कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. अकोला मागं पडलं, मूर्तिजापूर आलं आणि गेलं, ती चहाला थांबली नाही. मग समोर बघतच तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही त्या झाकणावर किती वेळ उभे होता?"

मी सांगितलं, "चार मोजेपर्यंत."

"मोठ्यानं मोजलं होतं?"

"हो."

तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. आधी स्वतःच्या बोटांची पट्टी सोलून काढली. मग माझा सुजका हात ओढून घेतला आणि माझी काढली, केसांसकट. दोन्ही पट्ट्या खिडकीबाहेर टाकल्या. "आता तुम्ही चालवा," ती म्हणाली, उतरली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. मी सरकून स्टिअरिंगवर बसलो. हात दुखत होता, पण मी अमरावतीपर्यंत गाडी चालवली.